बायकोचं एमबीए

शिवदास आणि मी गोव्यात तुयेच्या एका कारखान्यात पॅकिंगच्या मालाचं स्टोअर सांभाळतो. तो इनचार्ज, मी त्याच्या हाताखाली. ही हकिकत त्यानंच मला जेवणाच्या सुट्टीत तुकड्यातुकड्यानं सांगितली, आणि लिही म्हणाला. अट एकच घातली : "मला चांगला दाखवू नको."

तो मूळचा डिचोली तालुक्यातल्या सुर्ल्याचा. वडील खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर. घराण्यातला पहिला पदवीधर शिवदासच. बी.कॉम. होऊन खाण कंपनीच्या ऑफिसात लागला आणि अठ्ठाविसाव्या वर्षी त्यानं फादरांच्या मॅनेजमेंट संस्थेत एमबीएसाठी अर्ज केला. म्हापशाच्या पलीकडे टेकडीवर ही संस्था आहे. चालवणारे पाद्री, शिकणारे सगळ्या धर्मांचे. तिथं शिकलेला माणूस खोट्या कागदावर सही करत नाही, अशी तिची ख्याती. शिवदासचं नाव प्रतीक्षायादीत तिसरं लागलं. वरच्या दोघांना बोलावणं आलं आणि यादी तिथंच थांबली. पुढच्या वर्षी परत प्रयत्न करायचा, असं त्यानं ठरवलं होतं, पण तेवढ्यात खाणी बंद पडल्या. तो तुयेला लागला, पेडण्यात बिऱ्हाड केलं, हर्षाशी लग्न झालं. यादीची गोष्ट त्यानं तिला कधी सांगितली नाही.

हर्षा बी.ए. पेडण्याजवळच्या काजूच्या कारखान्यात ती चाळीस बायकांवर देखरेख करते. घरात मात्र शिकलेला म्हणजे शिवदास. इंग्रजी पत्र आलं की तो वाचून अर्थ सांगायचा, शेजारीपाजारीही अर्ज लिहून घ्यायला त्याच्याकडेच यायचे. तीन वर्षांपूर्वी काजूच्या मालकानं हर्षाला विचारलं, "शनिवार-रविवारचा एमबीए कोर्स आहे, फादरांकडे. कारखाना तुम्हांला पाठवील. करता?" तिनं घरी येऊन शिवदासला विचारलं. तो म्हणाला, "भर की अर्ज. मी लिहून देतो."

"आणि मी तो मनापासून लिहिला," तो मला म्हणाला. "कारण माझी खात्री होती, तिला घेणार नाहीत."

तिला पहिल्याच यादीत घेतलं.

त्या दिवसापासून शिवदासच्या पोटात जे दुखू लागलं, ते त्याला कोणापुढे कबूल करता येईना. दर शनिवारी सकाळी तो तिला मोटारसायकलवरून म्हापशाला सोडायचा. वाटभर ती आपली मागून सांगत राहायची. वर्ग सुरू होण्याआधी दोन मिनिटं सगळे गप्प बसतात. फादर बेनितो प्रार्थना म्हणतात, ज्याला म्हणायची नाही तो नुसता बसतो. मग ते विचारतात, या आठवड्यात तुमच्या हाताखालच्या माणसाशी तुम्ही कसे वागलात. तिला ते फार आवडलं होतं.

"पाद्री धंदा काय शिकवणार?" एकदा तो म्हणाला. "त्यांना ना बायको, ना पोर, ना दुकान. बघ, बाटवतील तुला एक दिवस."

बाटवण्याची भीती त्याला तिळभरही नव्हती. तिला खुपेल असं काहीतरी हवं होतं, म्हणून बोलला. हर्षा हसली. "धंद्याचं मी त्यांना विचारलं. फादर म्हणाले, कामाला ठेवलेलं माणूस आपण विकत घेतलेलं नसतं, देवानं ते आपल्या हवाली केलेलं असतं. एवढं शिकलात तर बाकीचं पुस्तकात आहे."

हे वाक्य शिवदासला आवडलं. ते आपल्याला न मिळता तिला मिळालं, याचा त्याला जास्त राग आला.

ती कामावर गेली की आपली निघायची वेळ होईपर्यंत तो तिची पुस्तकं उघडायचा. आधी तिला अडवायला प्रश्न शोधत होता, मग पानामागून पान वाचत सुटला. संध्याकाळी पोळ्या लाटणाऱ्या हर्षाला तो विचारायचा, "अमक्याची व्याख्या काय गो?" ती लाटणं न थांबवता सांगायची, वर तिच्या कारखान्यातलं उदाहरण द्यायची. त्याच्याकडे व्याख्या असायची, पण उदाहरण नसायचं. पुढं पुढं इंग्रजी पत्रंही ती त्याला न विचारताच वाचू लागली. "तिनं मुद्दाम नाही केलं," तो म्हणाला. "पण मला वाटायचं, माझ्या हातातली एकेक वस्तू ती काढून घेतेय."

पहिल्या वर्षाच्या शेवटी प्रत्येकानं आपल्या कामाच्या जागेचा अभ्यास मांडायचा होता. हर्षानं विषय घेतला काजू फोडणाऱ्या बायकांच्या हातांचा. टरफलातलं तेल बोटांना लागलं की कातडी सोलवटते, जखमा होतात. कोणाला किती वेळा लागतं, याची नोंद तिनं तीन महिने ठेवली होती. सादरीकरणाच्या आदल्या दिवशी तिनं लॅपटॉप त्याच्यापुढे ठेवला. "जरा बघा ना. तुमच्या नजरेतून आकडा सुटत नाही."

खरंच सुटत नाही. मी सात वर्षं त्याच्या हाताखाली आहे, खोक्यांच्या मोजणीत एक कमी असलं तरी त्याला दिसतं. चौथ्या पानावर त्याला दिसलंच. आठवड्याचा आकडा महिन्याच्या रकान्यात पडला होता. महिन्याला छत्तीस जखमी हात व्हायला हवे होते, तिथं नऊच दिसत होते. पुढचा सगळा हिशेब त्या नवावर उभा होता.

शिवदासनं लॅपटॉप मिटला आणि म्हणाला, "छान आहे."

सादरीकरणाला घरच्यांना आमंत्रण होतं. तो इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या रांगेत बसला. हर्षा चांगली बोलत होती. तिसऱ्या पानापर्यंत लोक माना डोलवत होते. चौथ्या पानाला बाहेरून आलेल्या परीक्षक बाई म्हणाल्या, "एक मिनिट. हा आकडा आठवड्याचा की महिन्याचा?"

हर्षा पडद्याकडे बघत राहिली. शिवदास मला म्हणाला, "याच क्षणाची मी वाट बघत होतो. आणि तो आला तेव्हा मला उठून बाहेर जावंसं वाटलं."

"आठवड्याचा आहे," हर्षा म्हणाली. "चूक माझी आहे. म्हणजे त्रास चौपट आहे आणि मी सुचवलेला उपाय पुरणार नाही."

बाजूला बसलेले फादर बेनितो म्हणाले, "आकडा चुकला तर सुधारता येतो. दिसूनही लपवला असता, तर मी तुम्हांला परत बोलावलं नसतं. पंधरा दिवसांनी पुन्हा मांडा."

फादर बोलत होते हर्षाशी. शिवदास शेवटच्या रांगेत मान खाली घालून बसला.

घरी आल्यावर हर्षानं पर्स खुंटीला लावली आणि विचारलं, "तुम्हांला दिसलं होतं ना?"

"होय."

"मग?"

तेव्हा त्यानं तिला सगळं सांगितलं. प्रतीक्षायादी, तिसरा नंबर, अर्ज कशासाठी लिहून दिला तेही. शेवटी ती एवढंच म्हणाली, "माझ्यावर जळलात ते समजतं. पण त्या छत्तीस हातांनी तुमचं काय केलं होतं?"

पुढच्या शनिवारी ती बसनं म्हापशाला गेली. तो मोटारसायकल बाहेर काढून उभा होता, पण ती बसली नाही. पुस्तकं ती आता कपाटात ठेवू लागली. कुलूप लावलं नव्हतं, तरी त्याचा हात कपाटाकडे जाईना.

चार दिवसांनी त्यानं रजा टाकली आणि तिला म्हणाला, "पुन्हा सगळे हात बघायचे तर मोजायला माणूस लागेल तुला. मी फक्त मोजीन." तिनं नोंदवही काढून त्याच्यापुढे ठेवली. मग म्हणाली, "चला. पण सांगीन तेवढंच करायचं."

तीन दिवस तो काजूच्या शेडमध्ये स्टुलावर बसून होता. एकेका बाईनं हात पुढं करायचा, त्यानं बघून लिहायचं. त्यातल्या देवकी नावाच्या बाईला उजव्या हाताच्या दोन बोटांनी पेनही धरता येत नव्हतं, सहीच्या जागी तिनं अंगठा लावला. त्या बायका हर्षाला "हर्षाबाय" म्हणत आणि ती जवळून गेली की तिला थांबवून घरचं काहीबाही सांगत. "तुला खोटं कशाला सांगू," शिवदास मला म्हणाला, "ते बघूनही जळलोच. माझ्या स्टोअरमध्ये मला थांबवून कोण काय सांगतो?"

त्यात मीही आलो.

दुसऱ्या वेळी आकडे बरोबर होते. हर्षानं सगळ्यांसाठी हातमोजे मागितले आणि तेल हातांवर उडू नये म्हणून फोडायला बसायची जागा बदलून मागितली. मालकानं हातमोजे लगेच दिले, जागेचं सहा महिन्यांनी बघू म्हणाला. अहवालात मदत करणाऱ्यांच्या नावांत शेवटी शिवदासचं नाव होतं, पुढं लिहिलं होतं : "मोजणी". तो कागद त्यानं मला दाखवला तेव्हा नावावरून अंगठा फिरवत होता.

गेल्या वर्षी हर्षा पास झाली. काजूच्या मालकानं डिचोलीला दुसरा कारखाना काढला, तो आता ती बघते. शनिवारी दोघं मोटारसायकलवरून एकत्र बाजारात जातात. मी त्याला विचारलं, "आता तू अर्ज करणार का?"

"वयाची अट नाही, मी बघितलं," तो म्हणाला. "पण तिला आधी विचारलं पाहिजे. अर्ज तिच्याकडूनच लिहून घ्यायचाय, आणि ती लिहून देईलच याची खात्री नाही."

अजून त्यानं विचारलेलं नाही. अर्जाची शेवटची तारीख या महिन्याची वीस आहे.