मागच्या सीटवरचे बासष्ट किलो

बडोद्यात सरळ असलेल्या जेवढ्या म्हणून वस्तू आहेत, त्यांतल्या निम्म्या माझ्या आतेभावानं, दादानं, सरळ केलेल्या आहेत, आणि उरलेल्या निम्म्यांवर त्याची नजर आहे. कोयलीच्या रिफायनरीत दाबमापकांचे काटे शून्यावर आणण्यात त्याची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर काटे तिथेच राहिले, शून्य मात्र तो घरी घेऊन आला. त्याच्या खिशात वीतभर पाणसळ असते, गवंडी वापरतात ती बुडबुड्याची पट्टी. कुणाकडे गेला की पाण्याचा पेला हातात घेण्याआधी तो भिंतीवरच्या फोटोंना ती लावून बघतो. माझ्या मुलीच्या लग्नात मुहूर्ताला चार मिनिटं असताना त्यानं नवऱ्या मुलाला चौरंगावरून उठवलं, चौरंगाच्या एका पायाखाली निमंत्रणपत्रिकेची घडी सारली आणि म्हणाला, "आता बसा, जावईबापू." खंडेराव मार्केटमध्ये तो स्वतःचं अर्ध्या किलोचं वजन घेऊन जातो. भाजीवाली त्याला लांबूनच ओळखते आणि शेजारणीला हाक देते, "ए बेन, कांटो सीधो करजे, साहेब आव्या!" मीही याद्या करणारी बाई आहे, किराण्याची वेगळी, औषधांची वेगळी. पण तो मला 'यादीबाई' म्हणतो तेव्हा त्यात कौतुक कमी आणि कच्च्या गड्याबद्दलची दया जास्त असते.

त्याची गाडी म्हणजे चार चाकांवरचं शून्य. वहिनी, म्हणजे त्याची बायको, होती तोवर दोघं रोज संध्याकाळी त्या गाडीतून हिंडायची. वहिनी कायम मागे बसायची. "पुढे बसलं की माझा पाय आपोआप ब्रेक शोधतो," असं तिचं म्हणणं. अलकापुरीत नव्यानं राहायला आलेल्या लोकांना बरेच दिवस वाटायचं, की या बाईंनी फार नीटनेटका ड्रायव्हर ठेवलाय.

वहिनी गेली, आणि त्यानंतर काही महिन्यांनी दादा म्हणायला लागला, की अंधार पडल्यावर रस्ता दिसत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम आहे. तरी तेच. बंगळूरहून आलेला मुलगा एकदा शेजारी बसला असताना दादानं एक अख्खा गतिरोधक न बघता पार केला. मुलाचं डोकं छताला आपटलं आणि तिथेच निकाल लागला. "बाबा, दिवाळीला येईन तेव्हा गाडी विकायची. वाद नको." दादानं वाद घातला नाही. पण मला फोनवर म्हणाला, "यादीबाई, दुपार घरात निघते गं. संध्याकाळी मला त्या घरात बसवत नाही."

म्हणून त्यानं एलईडी हेडलाइट बसवले. जुने हॅलोजनचे बल्ब काढून नवे लावताना त्यानं गॅरेजवाल्याला पाणी प्यायची उसंत दिली नाही. एलईडीच्या मागे गार राहायला एक इवलासा पंखा असतो, तो पाहून म्हणाला, "यांना पंखा, आणि आपण उकाड्यात!" प्रकाश लख्ख पडला. पण रस्ता? दहा पावलांपुढे काळोखच. त्यानं दुसरी जोडी आणली. मग तिसरी. दिवाळी आठवड्यावर आली तेव्हा मला बोलावणं आलं, "दिवे पुन्हा जुळवायचेत. मी सीटवर बसणार, तू स्क्रू फिरवायचे."

सोसायटीच्या आवारभिंतीवर, उजेड किती उंच पडतो ते मापायला, त्यानं चिकटपट्टीनं रेघा आखल्या होत्या. गाडी पंचवीस फुटांवर. दिवेलागणीची वेळ, आणि आजूबाजूला टेकायला मिळेल तिथे टेकलेले शेजारी. "काका, पिक्चर क्यारे चालू थशे?" सिनेमा कधी सुरू होणार, असं एकानं विचारलंच. दादानं माझ्या हातात यादी दिली. टायरची हवा, बरोबर. पेट्रोल अर्धी टाकी, बरोबर. चालक सीटवर, बरोबर. त्याखाली लिहिलं होतं: मागची सीट, डावीकडे, गव्हाचे दोन कट्टे. आत वाकून पाहिलं तर कट्टे बसलेले, पट्टा लावून.

"दादा, गहू कुठे निघालेत?"

"बासष्ट किलो आहेत," तो पुढे बघत म्हणाला. "मागच्या सीटवर तुझी वहिनी. ज्या वजनानं गाडी चालते, त्याच वजनानं ती भिंतीसमोर उभी राहिली पाहिजे. पहिल्यापासून असंच जुळवतो मी."

मी यादी घडी घालून पर्समध्ये ठेवली. आवाज शक्य तेवढा साधा ठेवून विचारलं, "संध्याकाळी गाडीत कोण असतं, दादा?"

"मी."

"आणि मागे?"

त्यानं आरशातून मागच्या सीटकडे पाहिलं. मी मागचं दार उघडलं, पट्टा सोडला आणि एक कट्टा ओढून काढला. भिंतीवरचा उजेड थोडा खाली आला. दुसरा काढला. गाडीचं मागचं अंग हलकं होऊन वर आलं, तोंड खाली झुकलं आणि उजेडाची कड आखलेल्या रेघेवरून चार बोटं उतरून थांबली. इतके दिवस ते दिवे मान खाली घालून चालले होते.

आयुष्यभर दुसऱ्यांचे काटे तपासलेला तो माणूस स्टिअरिंगवर हात ठेवून भिंतीकडे बघत राहिला. मग घसा खाकरून म्हणाला, "डावा स्क्रू. अर्धा आटा वर. अर्धा म्हणजे अर्धा, यादीबाई!"

दिवाळीत मुलगा आला आणि मागे बसायला गेला. "पुढे बस," दादा गुरकावला, "मागे बसलास तर समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड जातो." मुलानं माझ्याकडे बघून डोळे फिरवले. पण फेरी मारून उतरल्यावर त्यानं किल्ली बाबांच्याच हातात दिली आणि गाडी विकायचा विषय पुन्हा काढला नाही.

परवा दादानं बॉनेट उघडून नवी जुळणी कौतुकानं दाखवली. रिफायनरीतल्या सवयीनं त्यानं प्रत्येक स्क्रूवर पांढऱ्या रंगाची खूण केली होती. पण शेजारी आणखी एक होती, जुन्या जुळणीची, लाल. जवळून पाहिलं तर ती वहिनीची नेलपॉलिश होती.

"ही पुसायची राहिली वाटतं," मी म्हटलं.

"असू दे," तो बॉनेट लावत म्हणाला. "यादीत धरू नकोस."

मी धरली नाही.