झोपेतला श्वास

डॉक्टरीणबाईंनी माझ्या पाठीवर स्टेथोस्कोप टेकवला. "मोठा श्वास घ्या. आता सोडा." मग विचारलं, "झोपेत छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो का?"

"कोण सांगणार? हे गेल्यापासून मी एकटीच असते."

त्या म्हणाल्या, "येतोय आवाज. दम्याने श्वासनळ्या आकसल्यात, म्हणून. पंपाने बरं वाटेल."

वाटेत मनात येत राहिलं, आपला झोपेतला श्वास आपल्याला कधीच ऐकू येत नाही. तो शेजारच्या माणसाकडे असतो. ह्यांच्या घोरण्यावर मी जन्मभर कुरकुरले. माझं त्यांनी काय काय ऐकलं असेल, कधी बोलले नाहीत.

घरी येऊन पंप तोंडाला लावून श्वास ओढला. हळूहळू छाती मोकळी झाली. "अहो, बरं वाटतंय हं," म्हणत मी आतल्या खोलीकडे वळले.