आतून ओ आली नाही

अक्कलकुव्यात आमच्या शेजारी एकटेच राहणारे टेलरकाका, दार सताड उघडं असलं तरी बाहेरूनच विचारतात, "शे का घरमा कोनी?" आतून ओ आल्याशिवाय उंबरा ओलांडत नाहीत.

समुद्रकाठच्या एका किल्ल्यावरची कादंबरी त्यांनी इतकी वाचलीय, की शिलाई मारता मारता तिथल्या राणीची खुशाली सांगतात. यंदा मीच त्यांना तो किल्ला दाखवायला नेलं. राणीच्या महालाच्या पडक्या दाराशी त्यांनी चपला काढल्या, हाक मारली आणि थांबले. नुसत्या लाटा ऐकू येत होत्या. पर्यटक हसले. मला राग आला.

"काका, चला ना आत."

"कोनी ओ दिधी नही, मंग मझार कसं जावानं?" म्हणत त्यांनी चपला घातल्या.

परतल्यावर त्यांनी स्वतःच्या घराचं कुलूप काढलं. तिथे मात्र हाक न मारताच आत गेले.