हळदीच्या पाकिटावरची आजी

आमच्या कुरुंद्यात शेजारच्या वहिनी हळद दळून विकतात. हात कायम पिवळे, म्हणून मोबाइलकडून सगळं काम बोलूनच करून घेतात, तेही गड्याला दरडावल्यासारखं. मला मोबाइलचीच कीव येते. मोबाइलमधल्या एआयनं लिहिलेली ओळ न् ओळ त्या मोठ्यानं वाचतात.

पाकिटावर छापायला त्यानं सुचवलं, ‘आजीच्या हातची हळद’. वहिनी कडाडल्या, “काहून खोटं बोलून राहिला रे? माझी आजी तर दुकानातून हळद आणायची! लिही, दळली मी.”

पुढं जवळा बाजार या गावच्या आठवडी बाजारात बघतो तर काय, बाकी सगळ्या हळदवाल्यांच्या पाकिटांवर एआयनं सुचवलेली तीच आजी! पाकिटं मात्र वहिनींचीच आधी संपली. रिकामी पिशवी झटकत त्या खदखदून हसल्या, “बघा भावजी, मी काढून टाकलेली आजी समद्यांकडं कामाला लागली!”