माय शपथ घेणार नाही

"रझाकाराचं पीठ मागं ठेव. आधी हिंदुस्थानचं दळू."

गिरणीवाला असं बोलला आणि माझा ज्वारीचा डबा त्यानं पायानं मागं सरकवला. हातानं नाही. पायानं.

माझा नंबर होता. पुढच्या दोघींचं दळून झालं होतं. मागं पाच-सहा बाया उभ्या होत्या. त्यातली एक पदर तोंडाला लावून हसली. बाकीच्या जमिनीकडं बघत राहिल्या. पट्टा फटफट फिरत होता. मला वाटलं, मीच नीट ऐकलं नाही.

"कोणाला म्हणून राह्यला?" मी विचारलं.

"तुलाच. आरशात डोळे बघ. घारे हायेत. पठाणाचे."

आमच्या वस्तीला बोलणी नवी नव्हती. बाप बौद्ध झाला तेव्हापासून आम्ही 'देव सोडलेले' होतो. त्याच्या आधी काय होतो, ते गावानं रोज तोंडावर सांगितलेलं. पण रझाकार? निजामाच्या शेवटच्या दिवसांत ज्यांनी गावं लुटली, जाळली, ते रझाकार. तो शब्द आमच्या गावात शिवीसारखा नव्हता. ती शिवीच होती. आणि बांगलादेशची लढाई होऊन फार वर्षं झाली नव्हती. रझाकार, पठाण, पाकिस्तान, सगळं एकाच तोंडातून एकदमच निघायचं.

मी डबा उचलला. दळण न घेता घरी आले. त्या दिवशी मायनं ज्वारी जात्यावर दळली. काय झालं ते मी तिला सांगितलं नाही. तिला आधीच माहीत होतं.

गोष्ट सगळी निवडणुकीची होती. जालन्याच्या उत्तरेला, निजामाच्या राज्याच्या जुन्या हद्दीजवळ आमचं गाव. मी ग्रामपंचायतीला उभी राहिले होते. बायांसाठी ठेवलेल्या जागेवर नाही. ती जागा दर वेळी मोठ्या घरातली सून बिनविरोध घ्यायची. मी सरळ भाऊसाहेबांच्या विरोधात उभी राहिले.

भाऊसाहेब म्हणजे गावातले सगळ्यात मोठे शेतकरी. माणूस वाईट नव्हता. दारू नाही, शिवी नाही. आमच्या लोकांशी बोलताना आवाज चढवत नसत. गावाला नवी शाळा मंजूर झाली, तेव्हा त्यांनी देवळाला लागून असलेली आपली जमीन फुकट देऊ केली. मोठं मन लागतं त्याला. पण त्या जागेवर जायचं तर आमच्या पोरांना देवळाच्या आवारातून जावं लागणार होतं. तिथून त्यांना हाकलतात, हे सगळ्या गावाला माहीत होतं. मुसलमान गल्लीतली पोरं लांब पडत होती. तांड्यावरची तर आलीच नसती. माझं म्हणणं होतं, शाळा फाट्याजवळच्या गायरानात बांधा. सगळ्यांना सारखीच जवळ.

अर्ज भरायच्या आधी मी त्यांच्या ओट्यावर गेले होते. खाली उभी राहून सांगितलं, "भाऊसाहेब, तुमच्याशी माझं काही वाकडं न्हाई. जागेवरून पटत न्हाई. म्हणून उभी ऱ्हाते."

ते हसले. "ऱ्हा की. लोकशाही हाये."

मला बरं वाटलं होतं. खरंच बरं वाटलं होतं.

मग अफवा सुटली. कोणी सोडली, ते शेवटपर्यंत कळलं नाही. गिरणीत होती. बाजारात होती. जालन्याच्या बसमध्ये माझ्या पाठीमागच्या बाकावर होती. रझाकाराच्या काळात हिची माय महिनोन् महिने गायब होती आणि येताना कडेवर पोर घेऊन आली. हिचा जन्म गावातला नाही. जन्म हिंदुस्थानातलाच नाही. हिच्या घरात रेडिओवर पाकिस्तान लागतं. आमच्या घरात रेडिओच नव्हता. मी हे एका बाईला सांगितलं, तर ती म्हणाली, "लपवला असंल."

अशी असते अफवा. तिला खोटं पाडायला गेलं, की तिचं आणखी एक पोर जन्माला येतं.

मी मायला विचारलं. चुलीपुढं बसून, तिच्याकडं न बघता विचारलं. तिनं काटक्या मोडून चुलीत सारल्या. मग बोलली.

"शेजारचं गाव जाळलं तव्हा समदे पळाले. हद्दीपल्याड, बुलढाण्याच्या अंगाला. तिकडं स्वातंत्र्य आल्तं. आपल्याकडं अजून निजामच होता. मोठ्यांच्या गाड्या जुंपल्या. आपले लोक गाड्यांच्या मागं पायी. तू पोटात होती. दिवस भरत आल्ते. तुझा बाप म्होरं गठुडं घेऊन चालून राह्यला अन् मी गाडीची मागची फळी धरून. वर बसू द्या म्हणलं कोणाला तरी. विटाळ व्हतो म्हणले."

"कोणाची गाडी होती?"

"भाऊसाहेबाच्या बापाची. भाऊसाहेब पोरगा होता तव्हा, मिसरूड फुटलेला. गाडीतच बसेल होता. माझ्याकडंच त्वांड करून."

पल्याडच्या छावणीत, एका बाभळीखाली मी झाले. पोलीस ॲक्शन होऊन निजाम गेला, तेव्हा माय-बाप मला घेऊन गावात परत आले. एवढीच गोष्ट. म्हणजे भाऊसाहेबांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. अफवा गावभर फिरली, माझा डबा लाथेनं सरकला, आणि तो माणूस आपल्या ओट्यावर सुपारी कातरत गप्प बसला होता.

मतदानाच्या आधी पारावर सभा ठेवली. दोन्ही उमेदवारांनी बोलावं, असं ठरलं. सभेच्या सकाळी गावातले दोघं जुने लोक आमच्या दारात आले. आत आले नाहीत. बाहेरूनच बोलले. "तुझ्या मायनं मारुतीच्या पायरीवर हात ठेवावा आन् म्हणावं, पोरगी नवऱ्याचीच हाये. बात खतम."

आमच्या वस्तीतल्या लोकांनाही ते पटलं. माझा नवरा आमच्याच वस्तीतला, गवंडी, कमी बोलणारा माणूस. तोही म्हणाला, "घेऊन टाकू दे. काय जातं?"

ज्या पायरीवर मायची सावली चालत नव्हती, त्या पायरीवर आज तिचा हात पाहिजे होता. शपथेपुरता.

मी आत वळले तर माय धुतलेलं लुगडं नेसत होती. केस विंचरले होते. कपाळ पुसून स्वच्छ केलं होतं. लग्नाला निघावं तशी तयार झाली होती. म्हणाली, "चल. तुझ्यापायी घेते."

 नवरा मरून दहा-बारा वर्षं झालेली बाई. एवढी चालली, एवढं दगड-माती उचललं, आणि म्हातारपणी चारचौघांत सांगायला निघाली, की मी बाटलेली नाही. कोणाला सांगणार होती? ज्यांच्या गाडीची फळी धरून चालली होती, त्यांना.

पारावर गाव जमलं होतं. माय खाली, बायांच्या मागं उभी राहिली. सगळ्यांच्या शेवटी कासीम पिंजारी उभा होता. तो गाद्यांचा कापूस पिंजायचा. आमच्याच वयाचा, इथंच जन्मलेला. अफवा सुटल्यापासून त्याच्या गल्लीतली माणसं चौकातून मान खाली घालून जायची. नाव माझं घेत होते, पण मार त्यांनाही बसत होता.

कोणीतरी ओरडलं, "आधी शपथ. मंग भाषण."

माय पुढं सरकली. तेवढ्यात भाऊसाहेब उठले. हात वर केला. सगळे गप्प.

"शपथ-बिपथ काही नको," ते म्हणाले. "मी सांगतो. ही रझाकाराची न्हाई. चांगल्या चालीच्या घरातली हाये. आपल्याच गावची लेक हाये. माझं अन् हिचं फक्त जागेवरून पटत न्हाई. मी हमी घेतो हिची."

टाळ्या पडल्या. आमच्या लोकांनीही वाजवल्या. माझा नवरा हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. माणसं म्हणू लागली, बघा, विरोधकाची इज्जत कशी राखावी. मी हात जोडून आभार मानायचे, एवढंच बाकी होतं.

माझे हात वर आले नाहीत.

मला मागं कासीम दिसत होता. त्यानं टाळी वाजवली नव्हती. रझाकाराची नाही, चांगल्या घरातली आहे. म्हणजे त्याचं घर कोणतं? आणि भाऊसाहेबांनी हमी घेतली म्हणून मी गावची. उद्या त्यांनी ती काढून घेतली तर?

मी बोलायला उभी राहिले.  

"भाऊसाहेब, तुम्हाला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तव्हा बोलले न्हाई. आज बोलले, ते मला नको. माझी हमी तुमी घेऊ नका. मी काय बाजारातलं जनावर न्हाई."

भाऊसाहेब खाली बसले.

"माझी माय शपथ घेणार न्हाई. मी कोणाची, ते मी कोणाला सांगणार न्हाई. मी पल्याड जन्मले. तिकडं तव्हा स्वतंत्र हिंदुस्थान होता. हितं बसेल माझ्या वयाचे अन् थोरले, तुमी समदे निजामाच्या राज्यात जन्मले. मंग परकं कोण? कोणीच न्हाई. तुमी न्हाई, मी न्हाई, तिथं मागं उभा हाये तो कासीमबी न्हाई. अन् मी रझाकाराची असते, तरीबी ह्याच मातीवर वाढले असते, हितंच उभी ऱ्हाले असते अन् तुमच्याकडं मत मागितलं असतं."

 एक म्हातारा थुंकला. "कबूल केलं बघा," कोणीतरी म्हणालं. मग ते सगळीकडून यायला लागलं. कबूल केलं. कबूल केलं. मी शाळेच्या जागेचं बोलत होते. गायरान, फाटा, तांड्याचं अंतर. कोणी ऐकलं नाही. एक ढेकूळ खांद्याला लागलं. भाऊसाहेबांनी हात वर केला नाही. ते माझ्याकडं बघत होते. राग नव्हता चेहऱ्यावर. हिरमुसले होते. दिलेलं दान कोणी परत तोंडासमोर ठेवावं, तसे.

मी पडले. वाईट पडले. आमच्या वस्तीतली मतंही पुरती मिळाली नाहीत. कासीम मला कधी काही बोलला नाही. आभार नाही, नाराजी नाही. मी त्याची वाट बघत होते हे मात्र खरं, आणि ते मला नंतर बरं वाटलं नाही.

सगळ्यात जास्त मार मायला बसला. सभेहून घरी आल्यावर तिनं लुगडं बदललं, घडी घातली आणि म्हणाली, "मी शपथ घेतली असती तर सुटले असते. तुझं खरं झालं. माझं नाव मातीत गेलं."

मी म्हणाले, "माय, त्यांनी विचारायचंच नव्हतं."

"पण विचारलं की," ती म्हणाली.

  माझ्या नकाराची किंमत तिनं भरली, आणि मी तिला आधी विचारलं नव्हतं. हे मी लपवत नाही. तरी पुन्हा ती वेळ आली तर मी तेच करीन.

निवडणुकीनंतरची पहिली गावसभा. भाऊसाहेब सरपंच होऊन खुर्चीवर. मी गेले. नवरा म्हणाला, नको जाऊ. मी गेले. शाळेचा विषय निघाला तेव्हा उठून उभी राहिले.

"रझाकार बोलून राह्यली रे," मागून आवाज आला.

मी थांबले. हसणं संपेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "झालं? आता माझं ऐका."

भाऊसाहेब म्हणाले, "बाई, तुम्ही पडल्या. आता बसा." पहिल्यांदाच मला 'तुम्ही' म्हणाले.

"निवडणुकीत पडले, भाऊसाहेब. गावातून न्हाई पडले. तुमी जमीन दिली, तुमचं मन मोठं हाये. पण जागा चुकीची हाये. पोरं येणार न्हाईत. हे लिहून घ्या, मंग बसते."

त्यांनी लिहून घेतलं नाही. मी बसले नाही. सभा उठेपर्यंत उभी राहिले.

शाळा देवळाशेजारीच झाली. तांड्यावरचं एकही पोर आलं नाही. ते मी पुढच्या सभेत बोलले. त्याच्या पुढच्या सभेतही बोलले. मला ऐकून घेत नाहीत, पण आता कोणी बस म्हणत नाही. रस्त्यात भेटले तर भाऊसाहेबांना मी नमस्कार करते, तेही करतात. मत पटत नाही तेवढं नाही पटत. त्यासाठी माणसाला गावाबाहेर काढावं लागत नाही. हे त्यांना कळलं की नाही, मला माहीत नाही. माझं काम ते नाही.

आजही कोणी कोणी विचारतं. चहाच्या टपरीवर, बसमध्ये, गंमत म्हणून. तू नक्की कोणाची गं?

बाप पुढं गठुडं घेऊन चालत होता, माय मागं फळी धरून. हे मी तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही मागितलं नव्हतं. जो मागेल, त्याला सांगणार नाही. पारावर नाही, कचेरीत नाही, मरताना नाही. विचारणाऱ्याच्या डोळ्यात माझ्या घाऱ्या डोळ्यांनी बघीन आणि उलट विचारीन, तू कोण विचारणारा?