हाच प्रश्न घरीही विचारला होता

बाबांना त्या ग्रुपात मीच घातलं, आणि हेतू काही उदात्त नव्हता. ऑफिसातून दमून घरी यायचं, चपला काढायच्या, तर समोर बाबा लॅपटॉप उघडून बसलेले. ‘बाळ, एक मिनिट.’ त्यांचं एक मिनिट जेवणाची पानं वाढेपर्यंत चालायचं. मी नोएडात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे; दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधते. घरी येऊन पुन्हा तेच करायचं माझ्या जिवावर यायचं. दिल्ली-एनसीआरमधल्या मराठी लोकांचा, नव्याने प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांसाठी चालवलेला एक ऑनलाइन ग्रुप मला माहीत होता. त्याची लिंक त्यांना दिली आणि म्हटलं, इथे विचारत जा, चांगली माणसं आहेत. मी स्वतः त्यात बरीच वर्षं होते, दोन अक्षरं आणि चार आकडे असं नाव घेऊन, एक शब्दही न लिहिता. ते नाव माझं आहे हे बाबांना ठाऊक नव्हतं. सांगायचं राहून गेलं असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

बाबा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात आवक-जावक विभागात होते. आलेलं पत्र नोंदवायचं, ज्याचं त्याला पोचवायचं, यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर आम्ही सरोजिनी नगरचं क्वार्टर सोडून मयूर विहारच्या सोसायटीत आलो, आणि इथल्या मराठी मंडळाच्या वाचनालयाचं काम त्यांच्या गळ्यात पडलं. दोन लोखंडी कपाटं आणि एक फाटकं रजिस्टर, एवढंच ते वाचनालय. कुठलं पुस्तक कुठल्या फ्लॅटमध्ये आहे हे सांगणारा प्रोग्रॅम आपण स्वतः लिहायचा, असं त्यांनी सत्तरीला टेकल्यावर ठरवलं. तयार ॲप मिळतात, मी डाउनलोड करून देते, असंही मी म्हटलं होतं. त्यावर त्यांनी ज्या नजरेने माझ्याकडे पाहिलं, त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

ग्रुपात शिरल्या शिरल्या त्यांनी पहिलं काम केलं ते नियम वाचण्याचं. नियम कोण वाचतं? मीही वाचले नव्हते. बाबांनी ते खालच्या दुकानातून छापून आणले, लाल पेन्सिलीने खुणा केल्या आणि फायलीला लावले. एररचा फोटो टाकू नये, मजकूर टाकावा. आपण काय काय करून पाहिलं ते लिहावं. लिंक द्यायची तर ती कोणासाठी आहे आणि तिच्यात काय आहे ते दोन ओळींत सांगावं. हा शेवटचा नियम वाचून त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं असं मला वाटलं, कारण आदल्याच महिन्यात मी त्यांना एका दमात वीस-बावीस लिंका पाठवल्या होत्या, वर फक्त ‘हे बघा’ एवढंच लिहून. त्या त्यांनी क्रमाने उघडायला सुरुवात केली होती. तिसरी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला शिकवतात तसली निघाली. तिथेच ते थांबले.

मग आली ती गाज़ियाबादची. कुठल्याशा डिप्लोमा कॉलेजात शिकवणारी, मूळची नागपूरकडची, माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान. बाबांच्या पहिल्याच प्रश्नाला तिने उत्तर दिलं, सोबत एक पीडीएफ दिली आणि लिहिलं, ‘काकाजी, यातलं फक्त नववं ते बारावं पान वाचा. बाकी आत्ता नको.’ चार पानं. बाबांनी ती चार पानं तीन दिवस वाचली आणि चौथ्या दिवशी त्यांचा प्रोग्रॅम पुस्तकांची यादी दाखवायला लागला. जेवताना आईला सांगत होते, किती छान समजावते ती मुलगी. आई म्हणाली, ‘अच्छा?’ आणि माझ्याकडे बघत मला भाजी वाढली.

मला तिचा राग यायला लागला. ती फुकटचा वेळ घेऊन बसलेली असणार, कॉलेजात काम नसणार, लोकांच्या वाहवेची हौस असणार, असं काय काय मी मनात म्हणत असे. मेट्रोत जागा मिळाली की आधी तो ग्रुप उघडायचा आणि आज तिने बाबांना काय लिहिलंय ते वाचायचं, हा माझा नेमच झाला. तिच्या उत्तरात चूक सापडावी म्हणून मी ते दोनदा वाचत असे. चूक नसायची. मी जळत होते, दुसरा शब्द नाही. माझ्याच बापाच्या एका ‘धन्यवाद’वरून, आणि तेही मीच त्यांना तिच्या दारात नेऊन सोडलेलं असताना.

मध्ये एक बरं झालं. प्रोग्रॅम एका जागी अडला, आणि बाबा या वेळी आधी माझ्याकडे आले. एका फ्लॅटने दोन पुस्तकं नेली की यादीत दुसरं तेवढं दिसायचं, पहिलं नाहीसं व्हायचं. मला ऐकतानाच कळलं होतं काय झालंय ते. पण नेमका ऑफिसचा फोन आला आणि मी म्हटलं, बघते. दुसऱ्या दिवशी त्यांनी आठवण केली, तेव्हाही मी बघते म्हटलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं नाही. आता सुचलं असेल त्यांचं त्यांना, असं धरून मी गप्प बसले.

त्यानंतर दोन दिवसांनी संध्याकाळी घरी येताना मेट्रोत ग्रुप उघडला तर बाबांचा प्रश्न. सगळं शिस्तीत: काय हवंय, काय होतंय, काय काय करून पाहिलं. आणि शेवटी हे:

‘नियम क्रमांक सातनुसार कळवतो की, हाच प्रश्न घरी मुलीलाही विचारलेला आहे. ती याच क्षेत्रात आहे. कामाच्या व्यापामुळे तिच्याकडून अद्याप उत्तर आलेले नाही.’

मी घाईघाईने नियम शोधले. सातवा नियम असा होता की एकच प्रश्न दोन ठिकाणी विचारला असेल तर तसं सांगावं, म्हणजे दोन माणसं एकाच गोष्टीवर वेगवेगळं डोकं फोडत बसणार नाहीत. नियम करणाऱ्यांच्या मनात दुसरे ग्रुप असणार. बाबांनी त्यात घर धरलं होतं. टोमणा मारायचा त्यांचा स्वभाव नाही, म्हणूनच ते इतकं लागलं. त्यांच्या लेखी मी एक ठिकाण होते, जिथे प्रश्न पाठवलाय आणि उत्तर यायचंय. खाली कोणीतरी हसण्याची खूण टाकली होती.

तोवर गाज़ियाबादचं उत्तर आलेलं होतं. उत्तर कसलं, प्रश्नच. ‘काकाजी, ऑफिसात तुम्ही पत्रं कशी लावायचे?’ बाबांनी लिहिलं की भिंतीला खणांचं मोठं कपाट होतं, प्रत्येक सेक्शनला एक खण. तिने विचारलं, एका सेक्शनला दोन पत्रं आली तर?

ते कपाट मला माहीत होतं. शाळेला सुट्टी असली की बाबा मला ऑफिसात न्यायचे, आणि स्टुलावर उभी राहून खालच्या दोन ओळींतली पत्रं मी लावलेली आहेत. त्या कपाटाचा वास मला अजून सांगता येईल. आणि ते या मुलीने, जिने बाबांना कधी पाहिलंही नाही, दोन ओळींत विचारून घेतलं होतं. मला ते सुचलं नव्हतं. या एका गोष्टीसाठी मी तिला आजही माफ केलेलं नाही.

मग मी ते केलं. माझं स्टेशन यायच्या आत, उभ्याउभ्या, त्या दोन अक्षरं-चार आकड्यांच्या नावाने बाबांचा सगळा प्रोग्रॅम पाच ओळींत लिहून ग्रुपात टाकला. वर एक शब्द नाही, खाली एक शब्द नाही. इतकं देखणं काम मी ऑफिसातही क्वचित केलं असेल. घरी पोचले तर तिचं उत्तर आलेलं होतं: ‘उत्तर बिल्कुल बरोबर आहे. पण काकाजी स्वतः शोधत होते. जरा थांबायला हवं होतं.’ आणि त्याखाली बाबांचं, मला उद्देशून:

‘आपण दिलेले उत्तर चालवून पाहिले. चालते. परंतु मला ते समजले नाही, म्हणून वापरत नाही. आपण वेळ दिलात, आभारी आहे.’

हे लिहिणारे बाबा शेजारच्या खोलीत बसले होते. मी पाण्याचा ग्लास घेऊन दारात गेले, सांगून टाकावं म्हणून. ते कागदावर खणांची चित्रं काढत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले की ग्रुपात आज एक जण आला होता, फार हुशार, पण भारी घाईत असतो. मी ग्लास ठेवला आणि परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ग्रुपात एकच ओळ लिहिली: ‘ताई, मी दुसरे पत्र ठेवताना पहिले काढून फेकत होतो.’ तिने लिहिलं, ‘तुम्हीच शोधलं, काकाजी.’ खाली तीसेक जणांनी टाळ्या टाकल्या. एक टाळी माझीही होती, आणि ती टाकताना माझ्या मनात काय चाललं होतं ते मी इथेही लिहिणार नाही.

रविवारी मी चहा घेत होते, तेव्हा बाबा नियमांची फाइल घेऊन आले. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले, ऑफिसात कोणाच्या टेबलाशी बसावं तसे.

‘तो फ्लॅटचा प्रश्न सुटला,’ ते म्हणाले. ‘एका ठिकाणी सुटला की दुसरीकडे कळवायचं असतं. उगाच कोणाचा वेळ जायला नको. तेव्हा तुझ्याकडचा मी बंद करतो.’

मी म्हटलं, ‘बाबा, मी बघणार होते.’

‘अगं, माहीत आहे ना मला. पण आता गरज नाही. चलो, तू चहा घे.’

त्यांच्या आवाजात नाराजीचा लवलेश नव्हता. उलट माझ्या डोक्यावरचं एक ओझं उतरवल्यासारखे ते खूश होते. फायलीत त्यांनी एका ओळीपुढे बरोबरची खूण केली आणि वाचनालय उघडायला खाली गेले.

त्या दिवसापासून मी मनापासून वाट बघतेय की बाबांचा प्रोग्रॅम पुन्हा कुठेतरी बिघडावा आणि त्यांनी तो आधी माझ्याकडे आणावा. मी फोन बंद करून बसेन. पण तो बिघडत नाही. तिने तो फारच नीट शिकवलाय.