अक्कांच्या पडद्यावरून गेलेली पानं

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी जळगावात एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होते. धुळ्याच्या एका सरकी तेलाच्या मिलसाठी आमच्या कंपनीने जावा या कॉम्प्युटरच्या भाषेत प्रोग्राम केलेला होता. नाव आणि पासवर्ड टाकला की ज्याचं जे काम, तेवढीच पानं त्याला ब्राउझरमध्ये दिसायची. अक्कांना हिशेबाची, गोडाऊनच्या नानांना मालाची, मॅनेजरांना सगळी. लिहिणारा पुण्याला निघून गेला आणि प्रोग्राम माझ्या गळ्यात पडला.

मिलमधून फोन आला म्हणून जळगावातल्या मेहरूणच्या घरून सकाळीच निघाले, एसटीने धुळं गाठलं. हिशेब सांभाळणाऱ्या अक्का कॉम्प्युटर बंद करून बसल्या होत्या. त्यांच्या पडद्यावरून हिशेबाची पानं गेली होती, नुसती मालाची उरली होती. एरवी ऑफिसात शुद्ध बोलणाऱ्या अक्का नोकरी जाणार या रागात मॅनेजरांना अहिराणीतच म्हणाल्या, "माले काढनं शे ते तोंडवर सांगा."

"मी हातसुद्धा लावला नाही," मॅनेजर माझ्याकडे वळले. "तुम्ही काही केलंत का?"

मीही काही केलं नव्हतं. शेजारच्या कॉम्प्युटरवर अक्कांच्या नावाने आत शिरले, तर हिशेब जागच्या जागी.

"तू आलीस म्हणून कॉम्प्युटर दाखवतोय," अक्का म्हणाल्या.

थोड्या वेळाने पुढचं पान उघडलं, तर मेनूत चक्क मॅनेजरांची पानं. कोणाला कोणती पानं दाखवायची हे ज्यावरून ठरायचं, तो अक्कांचा हुद्दा नोंदीत बरोबर होता. मला काही सुधरेना. माझंच डोकं फिरलंय की काय, असं वाटायला लागलं.

दुपारी नाना जेवून आले, त्यांनी आपल्या कॉम्प्युटरवर पासवर्ड टाकला. लगेच इकडे पुढचं पान उघडलं, तर हिशेब गायब. मग मी अक्कांच्या नावाने परत आत गेले. पलीकडून नाना म्हणाले, "पोरी, माझ्याकडे हिशेब कसा आला?"

प्रत्येकाचा हुद्दा वेगळा ठेवायचा, तर प्रोग्रामने तो एकाच जागी ठेवला होता. शेवटी जो आत येईल, त्याचा हुद्दा सगळ्यांना लागत होता. संध्याकाळपर्यंत मी तो ज्याचा त्याला वेगळा करून दिला.

अक्कांना समजावायला गेले, तर त्या म्हणाल्या, "तू नको. त्यांना येऊ दे."

मॅनेजर आले, टेबलापाशी उभे राहिले. "अक्का, तुम्हाला काढायचं कोणाच्या मनातही नव्हतं."

अक्कांनी आपला कॉम्प्युटर सुरू केला आणि मला म्हणाल्या, "बस, चहा घेऊन जा."